बर्थाराणीच्या डोक्यातलं बिऱ्हाड

आमच्या प्लोव्हर बेंड गावात माशी, म्हणजे फुलांवर बसणारी, या विषयावरचा शेवटचा शब्द माझा! पहिला शब्दही माझाच असतो आणि मधलेही बहुतेक मीच बोलतो, असं माझी बायको आर्डिस म्हणते. पण तिचं मनावर घेऊ नका. नुसत्या गुणगुणण्यावरून माशीची जात ओळखणारा दुसरा माणूस अख्ख्या आयोवा राज्यात दाखवा, मिशी उतरवून देतो! ही भुईत बीळ करून राहणारी, ही वाळक्या काडीत अंडी घालणारी, ही भोपळ्याच्या फुलात पाय दुमडून झोपणारी... माझ्यासमोर माशीनं खोटं नाव सांगायची सोय नाही.

तसा मी धंद्यानं केस कापणारा. जन्मभर या गावाची डोकी भादरली आणि दुकान बंद केलं त्याच दिवशी ठरवलं, की आता गवताचं पातंही कापायचं नाही. आमच्या अंगणात तेव्हापासून कात्री, कोयता, यंत्र, सगळ्यांना बंदी आहे.

"गिऱ्हाइकाच्या कानामागचा एक केस सुटला तर जेवण गोड न लागणारा माणूस तू," आर्डिस म्हणते, "आणि आता टपाल आणायला अंगणात उतरावं तर वाटाड्या लागतो!"

पण माझा खरा जीव अंगणात नाही. तो ग्रंथालयाशेजारच्या पट्टीत. पूर्वी तिथे रूळ होते, धान्याच्या वाघिणी उभ्या असत. रूळ उखडले, गाड्या गेल्या, उरली ती खडी आणि गंजके खिळे. त्या खडीत आम्ही चार-दोन वेड्यांनी इथल्याच मातीचं बियाणं टाकलं. पहिल्या वर्षी काही उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी लोकांनी विचारलं, हे तण कोणी लावलं? तिसऱ्या वर्षी जूनमध्ये अशी फुलली पट्टी, की ग्रंथालयातली माणसं पुस्तकात बोट घालून खिडकीशी येऊन उभी राहायला लागली. निळ्याजांभळ्या तुऱ्यांवर भुंगे झोके घेत होते आणि मिल्कवीडच्या नारिंगी फुलांवर फुलपाखरं अशी बसली होती, की फूल कुठे संपलं आणि पंख कुठे सुरू झाला ते कळू नये. वारा आला की सगळी पट्टी एका अंगानं वळायची, झोपेत कूस बदलावी तशी.

याच पट्टीत दरवर्षी जूनमध्ये आमचा परागमेळा भरतो. रोपांची विक्री, मुलांची पंख लावून मिरवणूक, रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या, डुकराच्या मांसाचं ताटाएवढं सँडविच, सगळं सगळं! नियम एकच. जे इथलं तेच आत. आमच्या बागेत शिरायचं तर फुलाला आधी आपलं गाव सांगावं लागतं. ट्युलिप? चल, मागे फीर! गुलाब? कुठला? पलीकडच्या देशातला? मग पलीकडेच बरा!

आणि मधमाशी? तिचं तर नाव काढायचं नाही! युरोपातून बोटीत बसून आलेली परकी बाई ती. पेटीत राहते, कळपानं फिरते आणि आमच्या गरीब, एकट्यानं संसार करणाऱ्या माश्यांच्या तोंडचा घास पळवते.

"तुझे आजोबाही बोटीतूनच आले होते, नॉर्ब," आर्डिस म्हणाली होती.

"त्यांनी कोणाच्या फुलाला हात नाही लावला!"

"नाही. त्यांनी सगळा माळच नांगरून टाकला. माशीनं निदान तेवढं नाही केलं."

बायकोशी तात्त्विक चर्चा करू नये ती यासाठी. मेळ्याच्या समितीत मात्र माझा ठराव एकमतानं पास झाला: परागमेळ्यात मध विकायचा नाही, चाखायचा नाही, सरबतात घालायचा नाही. सरबतात आम्ही मेपलचा पाक घालतो. ते सरबत ओल्या लाकडासारखं लागतं. पण तत्त्वाला चव नसते!

या ठरावामुळे ज्याच्या पोटात दुखलं, तो होता आमच्या गावचा दातांचा डॉक्टर, गॉर्डन टेस्डाल. याच्या शेताच्या कडेला मधमाश्यांच्या पांढऱ्या पेट्यांची अख्खी चाळ आहे. दिवसा दात कोरायचे आणि संध्याकाळी मध विकायचा! एका हातानं कीड लावायची आणि दुसऱ्या हातानं काढायची, असा धंदा मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्याचा-माझा धंदा तसा एकाच जातीचा. समोरच्याला खुर्चीत अडकवायचं आणि बोलत सुटायचं. फरक एवढाच, की माझ्या खुर्चीतल्या माणसाला उत्तर देता यायचं. मे महिन्यात माझी दाढ ठणकली म्हणून मी त्याच्या खुर्चीत पडलो, तर यानं माझा जबडा पुरता उघडला, दोन नळ्या आत सोडल्या आणि गोड आवाजात म्हणाला,

"यंदा मेळ्यात माझा मधाचा स्टॉल लावू ना, नॉर्ब?"

"आँ... आँ..."

"बोलू नकोस, दुखेल. हो असेल तर एक बोट वर कर. नाही असेल तर दोन."

मी दोन बोटं वर केली. तोंडात यंत्र फिरत असताना, डोळ्यांतून पाणी येत असताना, तत्त्वासाठी केली! त्यानंतर त्यानं ती दाढ इतक्या मन लावून कोरली, की त्यात आणखी एखादा दात बसवायचा विचार असावा.

आता खरं संकट सांगतो. यंदा नगरपालिकेनं ठरवलं, की ग्रंथालयाला गाड्या उभ्या करायला जागा नाही, तर ही पट्टी डांबर टाकून सपाट करावी! सोमवारी सभेत मतदान. पट्टीच्या बाजूनं निम्मे, डांबराच्या बाजूनं निम्मे, आणि पारडं झुकवणारं मत नगराध्यक्षबाई वर्ना प्रोचास्का यांचं. मी मागच्या तिन्ही सभांमध्ये बोललो. भरपूर बोललो. गेल्या खेपेला तर माझं भाषण चालू असताना दोन सभासद जेवून परत आले. तरी बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना!

कारण उघड होतं. वर्नाबाईंना माशीची भयंकर भीती. लहानपणी सहलीला गेल्या असताना सोड्याच्या डब्यात शिरलेली एक गांधीलमाशी त्यांच्या ओठाला डसली होती. तेव्हापासून ही बाई उन्हाळाभर गाडीच्या काचा वर करून हिंडते.

मेळ्याच्या आधी त्या मला किराणा दुकानात गाठ पडल्या, पावांच्या कपाटाशी.

"वर्नाबाई, ती मुळात माशीच नव्हे! गांधीलमाशी आणि आपली माशी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो."

"माझ्या ओठाला तो कळला नाही, नॉर्ब."

"तुम्ही एकदा मेळ्याला या. स्वतः बघा. आमच्या माश्यांना ना पोळं, ना राखायला मध, त्या कशाला कोणाला डसतील? साध्याभोळ्या, आपल्या कामाला लागलेल्या..."

"आणि बसली एखादी माझ्या अंगावर?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण जीभ एकदा सुटली की ती काय माझी राहते?

"एक जरी माशी तुमच्या अंगाला शिवली ना, तर सोमवारच्या सभेत मी तोंडातून ब्र काढणार नाही!"

गल्ल्यावरची मुलगी अंडी हातात धरून तशीच थांबली.

"अख्खी सभा?" बाईंनी विचारलं.

"अख्खी सभा!"

"मग येते," त्या म्हणाल्या, आणि पाव न घेताच गेल्या.

आर्डिसनं सांगितलं, की त्या रविवारी गिरजाघरात बऱ्याच लोकांनी एका माशीसाठी प्रार्थना केली.

आता बर्थाराणीची ओळख करून देतो. मेळ्याच्या उद्घाटनाला भुंग्यांच्या राणीचं सोंग निघतं, ती बर्था. काळं-पिवळं केसाळ अंग, चार पंख आणि कागदाच्या लगद्याचं हे एवढं थोरलं डोकं, आत दाण्याची छोटी गोणी मावेल एवढं. तोंडाच्या जागी आडवी फट, श्वास घ्यायला. तिच्या पाठीवर तांबूस ठिपका असावा की नसावा, यावर आम्ही एक अख्खा हिवाळा भांडलो आहोत, कारण तो ठिपका कामकरी भुंग्यांना असतो, राणीला नसतो. आम्ही अचूक माणसं! बर्था कोण होतं, हे विचारू नका. उंची आणि मिशी असलेली राणी गावात एकच होती.

तर गिरजाघराच्या तळघरातून मी बर्थाचं डोकं काढलं आणि नाकाला रुमाल लावला. हिवाळाभर उंदरांनी आत संसार केला होता! झाडलं, पुसलं, उन्हात ठेवलं, वास जाईना. शेवटी आर्डिसची गुडघ्यांना लावायची बाटली दिसली. गवती चहाचं तेल! काय सुंदर वास! मी आतून-बाहेरून चोळून चोळून लावलं, फटीच्या कडेला तर विशेष सढळ हातानं. मग डोकं बागेच्या प्रवेशकमानीला टांगलं. वाराही लागेल आणि जाहिरातही होईल.

दोन दिवसांनी आम्ही रोपांना पाणी घालायला गेलो, तर आर्डिस कमानीखाली मान वर करून उभी.

"नॉर्ब, इकडे ये. ह्या काय करतायत?"

बर्थाच्या तोंडाच्या फटीतून मधमाश्या आत-बाहेर करत होत्या. फार नव्हत्या. एक आत जायची, बराच वेळ राहायची, बाहेर यायची, डोक्याला एक प्रदक्षिणा घालायची, पुन्हा आत.

"मधमाश्या आहेत," मी तुच्छतेनं म्हणालो. "परक्या. पण राणीचं रूप बघून त्यांनाही राहवेना. मुजरा करायला आल्यात."

आर्डिसनं कमानीला कान लावला. "आत चालतायत त्या. भिंतीवरून, कोपऱ्याकोपऱ्यातून. पावलं टाकून माप घ्यावं तसं." ती थोडा वेळ ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर ऊन-सावली हलत होती आणि मला वाटलं, बायको अजून किती छान दिसते ऐकताना. "नॉर्ब, मला तर ह्या भाड्यानं जागा बघायला आलेल्या जोडप्यासारख्या वाटतात. दार केवढं, ओल आहे का, शेजार कसा..."

"आर्डिस, माश्यांबद्दल कोणाला जास्त कळतं?"

"तुला," ती म्हणाली. "म्हणूनच विचारलं."

शनिवार उजाडला तो असा, की आकाश नुकतं धुऊन वाळत घातलंय. बाग भरून आली होती. पंख लावलेली पोरं, रोपांचे ट्रे घेऊन भांडणाऱ्या बायका, ओल्या लाकडाचं सरबत. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला टेस्डालनं घडीचं टेबल टाकून मधाच्या बरण्या मांडल्या होत्या.

"इथे विकायला बंदी आहे, डॉक्टर!" मी अलीकडून ओरडलो.

"तिथे बंदी आहे," तो पलीकडून म्हणाला. "रस्ता तुझ्या समितीचा नाही. दाढ कशी आहे?"

वर्नाबाई आल्या. पांढरे हातमोजे, गळ्यापर्यंत बटणं, डोक्यावर जाळीची टोपी. जणू उद्घाटनाला नव्हे, शस्त्रक्रियेला आल्या होत्या. त्यांना कमानीखाली उभं करून मी बर्थाचं अंग चढवलं, डोकं कमानीवरून उतरवून खांद्यांवर घेतलं. आत काळोख आणि गवती चहाचा घमघमाट. फटीतून मला बाईंची हनुवटी तेवढी दिसत होती.

"हातमोजे काढा, बाई," मी बर्थाच्या तोंडातून म्हणालो. "फीत कापायला त्रास होईल. माझी हमी आहे!"

त्यांनी काढले. मग शाळेच्या मुलांनी गाणं सुरू केलं. गाणं अर्थात माझंच, बर्थाराणीच्या तोंडी घातलेलं:

*ये गं माशी, ये गं माशी,*
*फूल ठेवलंय उशाशी,*
*ऊन आलं, पाऊस आला,*
*घर देते मी राहायाला!*

दुसऱ्यांदा "घर देते मी" म्हणेपर्यंत मला एक आवाज ऐकू आला. आधी वाटलं, धान्याच्या कोठाराचा पंखा लागला. मग वाटलं, विमान. मग तो आवाज सगळीकडून यायला लागला आणि टाळ्या सुरू झाल्या!

"वा, नॉर्ब! कमाल केलीस!"

"ढगच आणला की रे!"

"कशाचा ढग?" मी आतून विचारलं. टाळ्या एकदम थांबल्या आणि पळापळ ऐकू आली. फटीतला उजेड मिचकला, पुन्हा मिचकला आणि विझला. माझ्या डोक्यावर, म्हणजे बर्थाच्या, पावसाचे थेंब पडावेत तशी टपटप सुरू झाली. पण हा पाऊस पडून वाहून जात नव्हता, जागीच थांबत होता आणि जड होत चालला होता. मग पहिली माशी फटीतून आत आली. माझ्या भुवईवरून चालत गेली, नाक ओलांडलं आणि मिशीपाशी थांबून विचारात पडली. तिच्यामागून दुसरी. तिच्यामागून तिची सगळी चाळ!

मी ओरडायला तोंड उघडणार एवढ्यात अगदी जवळून टेस्डालचा आवाज आला.

"नॉर्ब. तोंड उघडू नकोस."

दातांच्या डॉक्टरनं हे वाक्य उच्चारल्याची इतिहासातली ही पहिलीच वेळ असेल! मी तोंड मिटलं.

"हलू नकोस. पोटभर मध पिऊन निघाल्यात, भांडणाच्या बेतात नाहीत. बहुतेक माझ्याच आहेत. जुनं घर सोडून नवं शोधायला निघाल्या की अशाच निघतात." तो थांबला. दोनदा हुंगल्याचा आवाज आला. "हा वास कसला? गवती चहा? नॉर्ब! तू आत तेल लावलंस?"

मी काय बोलणार!

"अरे बाबा, आम्ही रिकाम्या पेटीत मधमाश्यांना बोलवायला हेच तेल लावतो! त्यांचा एकमेकींना 'इकडे या' म्हणायचा वास असाच असतो. कोरडी, अंधारी, मापाची जागा, बारीक दार, वर घमघमाट. तू घरावर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटीच लावलीस की!"

"माझं तेल?" लांबून आर्डिस किंचाळली. "गुडघ्यांचं तेल डोक्याला लावलंस?"

"आता मी तुला सोडवतो," टेस्डाल शांतपणे म्हणाला. त्याचा आवाज गोड झाला आणि मला दाढ आठवली. "पण आधी एक सांग. पुढच्या वर्षी मेळ्यात माझा स्टॉल? बोलू नकोस, डसतील. हो असेल तर एक बोट वर कर. नाही असेल तर दोन."

सरबताच्या टेबलामागे दडलेल्या आमच्या समितीतून आवाज आला, "नॉर्ब, दोन! तत्त्वाचा प्रश्न आहे!"

एक माशी माझ्या नाकपुडीच्या दारात आली. आत डोकावली. तिला जागा पसंत पडली असं मला वाटलं.

मी एक बोट वर केलं.

"शहाणा," टेस्डाल म्हणाला. "आता हळूहळू खाली बस. डोकं वरच राहू दे, तू खालून नीघ. पण डोकं धरायला मला आणखी दोन हात लागतील. न थरथरणारे." तो इकडेतिकडे बघत असावा. गवतात एकेका माशीचं कुळ सांगणारी आमची समिती सरबताच्या टेबलामागून बाहेर यायला तयार नव्हती. एकेकट्या माशीची त्यांना सवय. एवढ्या गर्दीची नाही. "अरे वा! वर्नाबाई! सगळे पळाले आणि तुम्ही इथेच उभ्या? एवढं धैर्य मी कोणात पाहिलं नव्हतं. धरा, इकडून धरा. ह्यांची राणी आत गेली, आता बाकीच्याही जातील."

खरं सांगायचं तर वर्नाबाई धैर्यानं उभ्या नव्हत्या. भीतीनं त्यांचा खांब झाला होता! पाय हलत नव्हते म्हणून त्या पळाल्या नव्हत्या, एवढंच. पण टेस्डालनं त्यांचे उघडे हात उचलून बर्थाच्या गालांना लावले आणि खांबाला नाही म्हणता येत नाही. जाळीच्या टोपीनं बाईंचा चेहरा तेवढा सुरक्षित होता, बाकी सगळं उघड्यावर.

मी खाली बसू लागलो. माझे गुडघे वाळलेल्या दारासारखे करकरले. बर्थाचं डोकं हवेत राहिलं, मी त्यातून मुळ्यासारखा सुटलो आणि रांगत बाहेर आलो. मिशीवर एकच माशी उरली होती. टेस्डालनं फुंकर घातली, ती उडून आपल्या माणसांत गेली.

मग मी मागे वळून बघितलं.

वर्नाबाई दोन्ही हातांत ते प्रचंड डोकं धरून उभ्या होत्या आणि डोक्यावर हजारो माश्या, वर पसरलेल्या, खाली लोंबणाऱ्या, सोनेरी तपकिरी दाढीसारख्या हलणाऱ्या. बाईंचे डोळे घट्ट मिटलेले. एक माशी त्यांच्या मनगटावर आली. चालत चालत बोटातल्या अंगठीपर्यंत गेली. सगळी बाग बघत होती.

बाईंनी एक डोळा उघडला.

"गरम आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

"काय?"

"ह्या गरम आहेत, गॉर्डन. आत मांजर घुरघुरतंय असं हाताला लागतंय." दुसराही डोळा उघडला. "राणी आत गेली हे ह्यांना कसं कळतं? तिला बघितलं तरी का सगळ्यांनी? आणि ही एकटी माझ्या बोटावर का बसलीय? हिला आत नाही जायचं?"

मी उत्तर द्यायला पुढे सरसावलो. एवढी प्रश्नांची रास समोर पडलेली आणि मी गप्प! पण आर्डिसनं माझा पंख धरून मागे खेचलं.

"शिवली," ती माझ्या कानात म्हणाली. "अंगठीवर बसलीय, नॉर्ब. सगळ्या गावानं बघितलं."

हळूहळू फटीतून सगळ्या आत गेल्या, गिरणीत धान्य उतरावं तशा. टेस्डालनं डोकं पुन्हा कमानीला टांगलं आणि सोमवारी पेटीत हलवू म्हणाला. उरलेला दिवस लोकांनी रोपं घेतली नाहीत की सँडविच खाल्लं नाही; कमानीखाली माना वर करून उभे राहिले. वर्नाबाईंनी टोपी काढून ठेवली होती. गावच्या साप्ताहिकाच्या छायाचित्रकारानं त्यांचा फोटो घेतला. त्यात कोपऱ्यात एक केसाळ बूड दिसतं, ते माझं.

"इतक्या वर्षांत त्या डोक्यात पहिल्यांदाच कामाचं काहीतरी शिरलं," आर्डिस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

सोमवारी सभागृह भरलं. मी कोटाच्या खिशात भाषण घेऊन पहिल्या रांगेत बसलो. मला वाटलं, शब्द दिलाय खरा, पण बाई विसरल्या असतील.

बाई विसरल्या नव्हत्या. "नॉर्बचं आणि माझं काय ठरलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या. सभागृहात असा आनंद पसरला, की मला वाईट वाटलं.

डांबरवाले बोलले. ग्रंथालयाच्या दारात गाडी लागत नाही म्हणून कोणाची तरी आजी पुस्तकं वाचायची राहिली, हे त्यांनी रंगवून सांगितलं. मी ओठ दाताखाली धरून बसलो. खिशातलं भाषण निखाऱ्यासारखं लागत होतं. माझी बाग माझ्यासमोर जाणार आणि मी तिच्यासाठी एक शब्द बोलू शकत नव्हतो! ती झोपेत कूस बदलणारी पट्टी, त्या भोपळ्याच्या फुलात झोपलेल्या... आणि बाजूनं बोलायला उभा राहिला कोण? टेस्डाल!

"माझं म्हणणं थोडक्यात आहे," तो म्हणाला. "माझ्या माश्यांनी सगळं गाव सोडून ती जागा पसंत केली. बागेच्या कोपऱ्यात एक पेटी ठेवू द्या. बस्स." आणि खाली बसला. एवढंच! मी असतो तर पहिल्या मुद्द्यालाच अर्धा तास घेतला असता.

"बागेच्या वतीनं नॉर्बला हे मान्य?" बाईंनी विचारलं. "बोलायचं नाही."

आमच्या बागेत परकी मधमाशी! तीही पेटीसकट! समिती माझ्याकडे बघत होती. त्यांच्या मांड्यांवर दोन-दोन बोटं तयार होती. माझ्या डोळ्यांपुढे डांबरी वाहनतळ आला, काळा, गुळगुळीत, एकही फूल नसलेला. मी एक बोट वर केलं.

मग मतं पडली. निम्मी इकडे, निम्मी तिकडे. सगळे बाईंकडे बघायला लागले.

"मला अजून कळलेलं नाही," वर्नाबाई आपल्या बोटाकडे बघत म्हणाल्या, "ती माशी माझ्या अंगठीवर एवढा वेळ काय बघत होती. डांबरावर उभी राहून ते मला कळायचं नाही. बाग राहील. मला बघायचंय, पुढे काय होतं ते." त्या माझ्याकडे वळल्या. "मागच्या तीन सभांतही मला काहीतरी विचारायचं होतं, नॉर्ब. तू मध्ये श्वास घेतला असतास तर विचारलं असतं."

बाहेर आलो तर टेस्डालनं वाटेत थांबवलं. दुपारी पेटीत हलवताना त्याला बर्थाच्या टाळूला चिकटलेला एक पोळ्याचा तुकडा मिळाला होता, तळहाताएवढा, कागदासारखा पांढरा, कोपऱ्यात ताजा रस भरलेला. त्यातला निम्मा त्यानं मला दिला.

"इतकी वर्षं तू बागेसाठी भाषणं केलीस," घरी चालत येताना आर्डिस म्हणाली, "आणि ज्या सभेत तू गप्प बसलास, त्याच सभेत बाग वाचली. याचा अर्थ काय होतो, सांग बघू?"

याला माझ्याकडे चोख उत्तर होतं. मुद्देसूद, सविस्तर उत्तर! पण मला बोलता आलं नाही, कारण तोंडात पोळ्याचा तुकडा होता. जिभेवर आधी मेण आलं, मग गोडवा, आणि त्याच्यामागून जांभळ्या तुऱ्यांचा, उन्हात तापलेल्या खडीचा, आमच्याच पट्टीचा वास. इतकी वर्षं तिला डोळ्यांनी बघत होतो, चाखली पहिल्यांदाच.

समितीला एवढं कळू देऊ नका. मधबंदीचा ठराव अजून माझ्याच सहीचा आहे.